संवाद आणि सहप्रार्थना : ख्रिस्ती जगातील एक जुना वाद व आपली भूमिका

विहारांच्या आणि बौद्ध संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना एक निमंत्रण वारंवार येत असते. कुठे दंगलीनंतर शांतिसभा भरते, कुठे राष्ट्रीय दिन साजरा होतो, तर कुठे एखाद्या महाविद्यालयाचा समारंभ असतो. व्यासपीठावर निरनिराळ्या धर्मांचे प्रतिनिधी बसलेले असतात. भिक्खूंनी त्रिशरण-पंचशील म्हणावे, इतरांनी आपापल्या प्रार्थना म्हणाव्यात आणि शेवटी सर्वांनी हात जोडून ईश्वराची एक सामुदायिक प्रार्थना करावी, असा कार्यक्रम ठरलेला असतो. अशा वेळी उपासकाच्या मनात प्रश्न उभा राहतो. नकार दिला तर आपण संकुचित ठरतो आणि सामील झालो तर 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर घेतलेल्या प्रतिज्ञांचे काय, असे त्याला वाटते.

हा प्रश्न केवळ आपल्यापुढेच आहे असे नाही. ख्रिस्ती जगात याच प्रश्नावरून शंभराहून अधिक वर्षे वाद चालू आहे. त्यातून घोषणापत्रे निघाली, धर्मगुरूंवर कारवाया झाल्या आणि फुटीही पडल्या. हा वाद समजून घेतल्यास आपल्या प्रश्नाकडे अधिक स्वच्छ दृष्टीने पाहता येईल, असे आम्हांस वाटते. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा परामर्श घेण्याचे योजिले आहे. दुसऱ्या धर्माच्या घरातील भांडण पाहून समाधान मानावे, हा येथे हेतू नाही. त्या भांडणात दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे आहेत, हे प्रारंभीच नमूद करणे आवश्यक आहे.

वादाचे मूळ

ख्रिस्ती धर्म हा एकेश्वरवादी व प्रकटीकरणावर आधारलेला धर्म आहे. दहा आज्ञांपैकी पहिलीच आज्ञा अन्य देवांना मज्जाव करते. येशू हाच मार्ग आहे व त्याच्या नामावाचून अन्य कोठेही तारण नाही, अशा आशयाची वचने नव्या करारात आहेत. परंतु त्याच नव्या करारात दुसरी एक धारही आहे. योहानाच्या शुभवर्तमानात प्रत्येक मनुष्याला प्रकाशित करणाऱ्या प्रकाशाचा उल्लेख येतो. पौल अथेन्स नगरीत जातो, तेव्हा ‘अज्ञात देवा’ची वेदी पाहून तिचा धिक्कार करीत नाही. तिच्यापासूनच तो आपल्या प्रवचनाचा आरंभ करतो.

करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीत तर अगदी व्यवहारातला प्रश्न उपस्थित झाला होता. मूर्तीला वाहिलेले मांस खावे की नाही, हा तो प्रश्न. पौलाचे उत्तर दुहेरी आहे. मूर्तीत काही सामर्थ्य नाही, म्हणून त्या अन्नात दोषही नाही. तथापि, ते खाल्ल्याने दुर्बल विवेकाच्या बांधवाचा गोंधळ होत असेल तर ते टाळावे, आणि मूर्तिपूजेच्या पंगतीत भागीदार तर होऊच नये. प्रसाद घ्यावा की न घ्यावा, असा प्रश्न ज्यांच्या घरात कधी ना कधी निघाला आहे, त्या आमच्या वाचकांना या चर्चेतील पेच वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे चर्चला राजसत्तेचे बळ लाभले आणि पहिली धार अधिक तीक्ष्ण झाली. चर्चच्या बाहेर तारण नाही, हे सूत्र रूढ झाले. 1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने ते अत्यंत कठोर शब्दांत मांडले.

आधुनिक काळात या वादाला तोंड फुटले ते 1893 च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेने. अनागारिक धम्मपाल यांनी याच परिषदेत बौद्धांची बाजू जगापुढे ठेवली. अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती धर्मगुरू तिच्यात उत्साहाने सहभागी झाले होते. इंग्लंडमधील कँटरबरीचे आर्चबिशप एडवर्ड बेन्सन यांनी मात्र जाण्यास नकार दिला. अशा परिषदेत बसणे म्हणजे इतर धर्मांचा दर्जा आपल्याबरोबरीचा आहे हे आधीच मान्य करणे होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1895 मध्ये पोप लिओ तेरावे यांनीही अशा संमिश्र परिषदांविषयी कॅथलिकांना सावध केले. 1928 मध्ये पोप पायस अकरावे यांनी तर अशा मेळाव्यांच्या मुळाशी सर्व धर्म कमीअधिक चांगलेच असतात ही चुकीची समजूत आहे, असे बजावले.

1965 चे वळण

दुसऱ्या महायुद्धात युरोपमध्ये लाखो ज्यूंचा संहार झाला. शतकानुशतके ख्रिस्ती प्रवचनांतून ज्यूंविषयी पसरविलेल्या द्वेषाचा या संहाराशी संबंध आहे, ही जाणीव अनेक ख्रिस्ती विचारवंतांना अस्वस्थ करू लागली. दुसरीकडे आशिया-आफ्रिकेतील देश स्वतंत्र होत होते आणि तेथील चर्चला बहुसंख्य अख्रिस्ती समाजात राहावयाचे होते. या पार्श्वभूमीवर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र संमत केले. त्याच्या बाजूने 2221 व विरोधात 88 मते पडली.

या घोषणापत्रात बौद्ध धम्माचा आदराने उल्लेख आहे. हे परिवर्तनशील जग अपुरे आहे हे बौद्ध धम्म जाणतो आणि मुक्तीचा किंवा परमज्ञानाचा मार्ग शिकवितो, असे त्यात म्हटले आहे. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारीत नाही, अशी ग्वाही देऊन त्या धर्मांच्या अनुयायांशी संवाद व सहकार्य करण्याचे आवाहन केले आहे. या लहानशा भागाने शेकडो वर्षांची भाषा बदलली.

परंतु संवाद म्हणजे नेमके काय, हा प्रश्न शिल्लक राहिला. त्याची तीन उत्तरे ख्रिस्ती धर्मशास्त्रात रूढ झाली. पहिले एकांतवादी : ख्रिस्तावाचून तारण नाही, म्हणून संवाद हे केवळ सुवार्ता सांगण्याचे साधन आहे. दुसरे समावेशवादी : ख्रिस्ताची कृपा इतर धर्मांतही अज्ञातपणे कार्य करीत असते. जर्मन धर्मशास्त्री कार्ल राहनर यांनी सदाचारी अख्रिस्ती माणसाला ‘अनामिक ख्रिस्ती’ म्हटले ते याच अर्थाने. तिसरे बहुमार्गवादी : सर्व थोर धर्म एकाच परमसत्याला दिलेले निरनिराळे प्रतिसाद आहेत. इंग्रज विचारवंत जॉन हिक हे या मताचे प्रमुख प्रवक्ते होत.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. वरवर पाहता समावेशवादी भूमिका उदार दिसते. पण बुद्धाचा सदाचारी उपासक हा खरे म्हणजे नकळत ख्रिस्तीच होय, असे म्हणणे आणि बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार होय, असे म्हणणे, यांच्या रचनेत फारसा फरक नाही. दोन्हींत समोरच्याचा सन्मान केल्यासारखे दिसते आणि त्याचे स्वत्व मात्र काढून घेतले जाते. बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे आपण मानणार नाही, तो खोडसाळ प्रचार होय, ही बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेली प्रतिज्ञा कोणाच्या द्वेषातून आलेली नाही. अशा आलिंगनात बुद्ध धम्म या देशातून कसा नाहीसा केला गेला, याच्या ऐतिहासिक जाणिवेतून ती आली आहे. उलटपक्षी, तुमचा धर्म वेगळा आहे व तो मला मान्य नाही, असे स्पष्ट सांगणारा एकांतवादी निदान आपला वेगळेपणा तरी मान्य करतो. न्यायाच्या दृष्टीने ही गोष्ट त्याच्या पदरात टाकली पाहिजे.

असिसी : एकत्र प्रार्थना की प्रार्थनेसाठी एकत्र?

हा वाद शिगेला पोचला तो 27 ऑक्टोबर 1986 रोजी. पोप जॉन पॉल दुसरे यांनी इटलीतील असिसी या संत फ्रान्सिसच्या गावी जगभरातील धर्मप्रतिनिधींना शांततेसाठी प्रार्थना करण्यास पाचारण केले. शीतयुद्धाचा व अण्वस्त्रांच्या भीतीचा तो काळ होता. परमपावन दलाई लामा यांच्यासह अनेक बौद्ध भिक्षू तेथे उपस्थित होते. निरनिराळ्या धर्मांच्या लोकांनी प्रथम गावातील वेगवेगळ्या जागी आपापल्या प्रार्थना केल्या. नंतर सर्वजण एकत्र आले आणि प्रत्येकाने क्रमाक्रमाने आपली प्रार्थना इतरांसमोर म्हटली.

व्हॅटिकनने या प्रसंगासाठी एक सूत्र काळजीपूर्वक तयार केले होते. आम्ही एकत्र प्रार्थना करण्यासाठी जमलेलो नाही, तर प्रार्थना करण्यासाठी एकत्र जमलो आहोत, असे ते सूत्र होते. शब्दांची ही अदलाबदल क्षुल्लक वाटेल, पण साऱ्या वादाचा कणा तीच आहे. एकत्र प्रार्थना करावयाची तर प्रार्थनेचा विषय, शब्द आणि ती ज्याला उद्देशून आहे ती सत्ता एकच मानावी लागते. एकमेकांच्या सान्निध्यात आपापली प्रार्थना करण्यास केवळ परस्परांविषयी आदर पुरेसा असतो.

टीकाकारांना हा भेद पटला नाही. फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी 2 डिसेंबर 1986 रोजी ब्राझीलमधील एका बिशपसमवेत निवेदन काढून असिसीचा निषेध केला. पहिल्या आज्ञेचा हा जाहीर भंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. असिसीतील एका चर्चच्या वेदीवर बुद्धमूर्ती ठेवली गेल्याची बातमी या गटाने पुढे अनेक वर्षे आपल्या प्रचारात वापरली. 30 जून 1988 रोजी लफेव्र यांनी पोपच्या आज्ञेविरुद्ध चार बिशपांना दीक्षा दिली व त्यांना बहिष्कृत करण्यात आले. या फुटीला प्रार्थनाविधीतील बदल आदी अन्य कारणेही होती, पण असिसी हे त्यांतील एक ठळक कारण होते. त्या चार बिशपांवरील बहिष्कार 2009 मध्ये उठविण्यात आला.

चर्चच्या आतही अस्वस्थता होती. कार्डिनल योसेफ राट्सिंगर हे व्हॅटिकनमधील सिद्धांतरक्षणाच्या खात्याचे प्रमुख असूनही 1986 च्या असिसीला गेले नव्हते. 1989 मध्ये त्यांच्या खात्याने ख्रिस्ती ध्यानाविषयी पत्र काढून झेन, योग आदी पद्धतींच्या अविचारी स्वीकाराबाबत इशारा दिला. 2000 मध्ये याच खात्याच्या ‘दोमिनुस येसुस’ या दस्तऐवजाने इतर धर्मांचे अनुयायी वस्तुतः गंभीर उणिवेच्या स्थितीत आहेत, असे जाहीर केले. 2002 मध्ये असिसीला पुन्हा मेळावा झाला, तेव्हा निरनिराळ्या धर्मांना प्रार्थनेसाठी स्वतंत्र जागा देण्यात आल्या. 2011 मध्ये राट्सिंगर हे स्वतः पोप बेनेडिक्ट सोळावे म्हणून यजमान होते. त्या वेळी एकमेकांसमोर प्रार्थना करण्याचा भागच वगळला गेला आणि ईश्वर न मानणाऱ्या विचारवंतांनाही निमंत्रण देण्यात आले.

पोप फ्रान्सिस यांच्या काळात लंबक पुन्हा दुसरीकडे झुकला. 4 फेब्रुवारी 2019 रोजी अबू धाबी येथे अल्-अझरचे प्रमुख अहमद अल्-तय्यिब यांच्यासह त्यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर स्वाक्षरी केली. धर्मांची विविधता ही ईश्वराचीच इच्छा आहे, या त्यातील विधानावर कझाकस्तानातील बिशप अथानासियस श्नायडर आदींनी उघड आक्षेप घेतला. सप्टेंबर 2024 मध्ये सिंगापूर येथे सर्व धर्म ईश्वराकडे जाणारे मार्ग आहेत, असे उद्गार त्यांनी काढले, तेव्हाही तसेच वादळ उठले. 1893 मध्ये आर्चबिशप बेन्सन यांनी उपस्थित केलेला प्रश्न सव्वाशे वर्षांनंतरही सुटला नव्हता.

प्रोटेस्टंटांतील मतभेद

प्रोटेस्टंट पंथांना पोप नसल्यामुळे त्यांच्यातील वाद परिषदांतून चालला. त्यातील एक महत्त्वाचे पर्व भारतात घडले. डिसेंबर 1938 मध्ये मद्रासजवळील तांबरम् येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. डच धर्मशास्त्री हेंड्रिक क्रेमर यांनी तेथे मांडले की, ख्रिस्तातील प्रकटीकरण आणि मानवी धर्म यांच्यात मूलतः सलगता नाही. पी. चेंचय्या प्रभृती भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी त्याला विरोध केला. आमच्या पूर्वजांच्या वारशाला निव्वळ अंधार म्हणणे आम्हांस मान्य नाही, असा त्यांचा आशय होता.

1971 मध्ये चर्चच्या जागतिक परिषदेने संवादासाठी स्वतंत्र विभाग काढला. त्याची धुरा कर्नाटकातील स्टॅन्ली समर्था यांच्याकडे होती. त्याच सुमारास विरोधही संघटित झाला. 1970 चे फ्रँकफुर्ट निवेदन आणि 1974 चा लोझान करार यांनी सर्व धर्मांतून ख्रिस्तच बोलतो असे गृहीत धरणारा संवाद नाकारला. फेब्रुवारी 1991 मध्ये कॅनबेरा येथील अधिवेशनात कोरियाच्या धर्मशास्त्री चुंग ह्युन क्युंग यांनी अन्यायाने मेलेल्यांच्या आत्म्यांना आवाहन केले. पवित्र आत्म्याची आपली प्रतिमा क्वान-इन्, म्हणजे स्त्रीरूपातील अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाच्या प्रतिमेतून येते, असेही त्यांनी सांगितले. अनेकांनी उभे राहून त्यांचे स्वागत केले, तर ऑर्थोडॉक्स प्रतिनिधींनी हा धर्मसंकर आहे, असा गंभीर आक्षेप नोंदविला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये दोन हजारांहून अधिक धर्मगुरूंनी अनावृत पत्र काढून चर्चमधील बहुधर्मीय उपासनेस विरोध केला.

अमेरिकेतील एक घटना विशेष बोलकी आहे. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर 23 सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये मृतांसाठी प्रार्थनासभा झाली. मिसुरी सिनॉड या लुथरन पंथाचे स्थानिक प्रमुख डेव्हिड बेन्के यांनी तेथे इतर धर्मीयांसमवेत व्यासपीठावर प्रार्थना म्हटली. धर्मसंकराच्या आरोपावरून 2002 मध्ये त्यांना निलंबित करण्यात आले आणि 2003 मध्ये ते निलंबन रद्द झाले. हजारो कुटुंबे शोकात असता सांत्वनासाठी जाणे हा दोष कसा, असे एक पक्ष विचारीत होता. शोकाच्या क्षणीच आपल्या श्रद्धेची साक्ष संदिग्ध होता कामा नये, असे दुसरा पक्ष सांगत होता. यांतील कोणत्याही एका पक्षाला ढोंगी म्हणता येणार नाही.

श्रीलंकेचा अनुभव

बौद्धांशी झालेल्या संवादाची कसोटी श्रीलंकेत लागली. 1994 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांचे आशेविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. बौद्ध धम्माची मुक्तिकल्पना जवळजवळ सर्वस्वी नकारात्मक आहे आणि तो बऱ्याच अंशी निरीश्वरवादी विचार आहे, असे त्यात म्हटले होते. जानेवारी 1995 मध्ये पोप कोलंबोस गेले. गोव्यातील बाणावली येथे जन्मलेले व श्रीलंकेत कार्य केलेले जोसेफ वाझ यांना धन्य घोषित करण्याचा तो सोहळा होता. तेथील प्रमुख बौद्ध महास्थविरांनी सर्वधर्मीय भेटीस जाण्याचे नाकारले. ज्यांनी असिसीत बौद्धांना सन्मानाने बोलाविले, त्यांच्याच लेखणीतून असे विधान यावे, हे त्यांना दुखावणारे होते. जानेवारी 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याच वाझ यांना संतपद दिले आणि त्या दौऱ्यात कोलंबोतील एका विहारासही भेट दिली, ही पुढची गोष्ट.

पोपच्या आक्षेपाला उत्तर द्यावयाचे तर ते बहिष्कारापेक्षा अभ्यासाने अधिक चांगले देता येते. केवळ दुःखाचा विचार बुद्धाच्या शिकवणुकीचा गाभा मानला तर धम्म निराशावादी ठरतो, ही अडचण बाबासाहेबांनी 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच उपस्थित केली होती. ग्रंथभर त्यांनी त्याचे उत्तर दिले आहे. माणसाने माणसाशी कसे वागावे हा धम्माचा विषय आहे, आणि जे स्थान अन्य धर्मांत ईश्वराला आहे ते धम्मात नीतीला आहे. हे उत्तर रोमला कोणी सांगितले असते तर तो खरा संवाद ठरला असता.

श्रीलंकेतच येशूसंघीय फादर अलॉयसियस पिएरिस यांनी पाली ग्रंथांचा सखोल अभ्यास करून केलानिया येथे 1974 मध्ये ‘तुलना’ हे अध्ययनकेंद्र काढले. आशियात धर्मांचा संवाद दारिद्र्याच्या प्रश्नापासून तोडता येत नाही, हे त्यांचे प्रतिपादन होते. दुसरे कॅथलिक धर्मगुरू तिस्सा बालसुरिया यांना मेरी व मानवमुक्ती या विषयावरील ग्रंथाबद्दल जानेवारी 1997 मध्ये बहिष्कृत करण्यात आले आणि वर्षभरात परत घेण्यात आले. महाराष्ट्रातही या वादाचे पडसाद उमटले. मुंबईत जन्मलेले ध्यानमार्गदर्शक फादर अँथनी डिमेलो 1987 मध्ये निवर्तले. 1998 मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या लेखनाविषयी सावधगिरीची सूचना काढली व त्यांच्यावरील बौद्ध आणि ताओ विचारांच्या प्रभावाचा तीत उल्लेख केला.

संवाद कोणाशी?

भारतातील ख्रिस्ती संवादाच्या इतिहासात आमच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक बाब आहे. हा संवाद दीर्घकाळ ब्राह्मणी परंपरेशीच झाला. 1606 मध्ये मदुरेस आलेले रॉबर्ट डि नोबिली संन्याशाचा वेश करून, ब्राह्मण आचारी ठेवून व खालच्या मानलेल्या जातींपासून अंतर राखून राहिले. 1623 मध्ये पोपने नवख्रिस्ती ब्राह्मणांना शेंडी व जानवे ठेवण्याची मुभा दिली. पुढे उच्चवर्णीयांसाठी एक व अस्पृश्यांसाठी दुसरे, असे वेगळे मिशनरी नेमले गेले. 1744 मध्ये रोमने या प्रथांपैकी बहुतेकांना मनाई केली, तोपर्यंत जातिभेद चर्चमध्ये मुरला होता. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणाविषयी लिहिताना मदुरेच्या या प्रयोगाची कठोर चिकित्सा केली आहे.

विसाव्या शतकात हाच प्रवाह अधिक सुसंस्कृत रूपाने वाहिला. कावेरीकाठी 1950 मध्ये शांतिवनम् आश्रम स्थापन झाला. 1969 मध्ये रोमने भारतीय कॅथलिक उपासनेत आरती, पंचांग प्रणाम आदी बारा बदलांना मान्यता दिली. काही कॅथलिक गृहस्थांनी हे हिंदूकरण आहे म्हणून विरोध केला. दलित ख्रिस्ती विचारवंतांची टीका याहून खोल होती. ज्या संस्कृतीने आम्हांला गावाबाहेर ठेवले, जी टाकून आम्ही चर्चमध्ये आलो, तीच संस्कृती चर्चने ‘भारतीयता’ म्हणून पुन्हा आमच्यासमोर का मांडावी, असे ते विचारीत होते. 1981 मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद पी. निर्मल यांनी हा विचार मांडला आणि त्यातून दलित धर्मशास्त्राची चळवळ उभी राहिली. भारतीय ख्रिस्ती धर्मशास्त्र वेदांताशी बोलत राहिले, दलितांच्या वेदनेशी बोलले नाही, हा त्यांचा आरोप होता. दलितांचे धर्मशास्त्र दलितांनीच लिहावे, असा त्यांचा आग्रह होता.

या टीकेचा परिणाम झाला नाही असे नाही. 2016 मध्ये भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमध्ये अस्पृश्यता असल्याचे मान्य केले. आपल्या दृष्टीने यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. कोणत्याही धर्मसंवादाविषयी पहिला प्रश्न, व्यासपीठावर किती धर्म आहेत हा नसतो. प्रत्येक धर्माच्या वतीने कोण बोलत आहे आणि कोणाविषयी मौन पाळले जात आहे, हा असतो.

आपली भूमिका

1991 मध्ये व्हॅटिकनने संवादाचे चार प्रकार सांगितले : दैनंदिन जीवनातील शेजारधर्म, समान कार्य, तत्त्वांचा विचारविनिमय आणि आध्यात्मिक अनुभवांची देवाणघेवाण. ही विभागणी आपल्यालाही उपयोगी पडेल.

पहिल्या दोहोंत आपण निःशंकपणे पुढे असावे. त्याचे एक ठळक क्षेत्र समोरच आहे. अनुसूचित जातींविषयीच्या 1950 च्या आदेशाने हिंदूंखेरीज इतरांना सवलतींतून वगळले. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात समाविष्ट झाले. ख्रिस्ती व मुसलमान झालेल्या दलितांना त्या वेळी तो हक्क मिळाला नाही. धर्मांतरानंतरही जात पाठ सोडत नाही, हा अनुभव आपला व दलित ख्रिस्ती बांधवांचा समान आहे. या अनुभवावर उभा राहणारा संवाद शंभर सामुदायिक प्रार्थनांपेक्षा मोलाचा ठरेल.

तिसऱ्या प्रकारासाठी तयारी लागते. ज्याला आपला धम्म ठाऊक नाही, तो संवाद करू शकत नाही; तो केवळ मान डोलावू शकतो. तुलनात्मक धर्माभ्यासाने प्रकटीकरणाचा अहंकार मोडला हे त्याचे उपकार आहेत, पण सर्व धर्म सारखेच चांगले असा समजही त्याने पसरविला, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे. धर्मांची पारख करावी लागते, आणि ती माणसाच्या स्वातंत्र्याच्या, समतेच्या व बंधुतेच्या कसोटीवर करावी लागते.

चौथ्या प्रकाराविषयी, म्हणजे उपासनेविषयी, विवेक हवा. बौद्धांची वंदना ही याचना नाही. त्रिशरण म्हणजे कोणा कर्त्याकडे मागितलेले संरक्षण नव्हे. तो बुद्ध, धम्म व संघ यांचा मार्ग पत्करण्याचा संकल्प आहे. म्हणून इतरांच्या सान्निध्यात त्रिशरण-पंचशील म्हणण्यास, मैत्री भावना करण्यास व शोकाच्या प्रसंगी मौनाने उभे राहण्यास आपल्याला कोणताच अडथळा नाही. परंतु ईश्वराला उद्देशून केलेल्या समान प्रार्थनेत आपला स्वर मिसळणे म्हणजे जे आपण मानीत नाही ते मानल्याचा देखावा करणे होय. असा देखावा ख्रिस्ती बांधवांचाही सन्मान करीत नाही, कारण त्यांच्यासाठी प्रार्थना ही शिष्टाचाराची बाब नाही. 1994 मध्ये लंडन येथे ख्रिस्ती श्रोत्यांसमोर शुभवर्तमानावर बोलताना दलाई लामा यांनी मेंढीच्या धडावर याकचे डोके बसवू नये, ही तिबेटी म्हण सांगितली होती. त्यांच्या बोलण्यात ख्रिस्ताविषयी आदर होता आणि भेदाची जाणीवही होती.

मज्झिम निकायातील उपालीची कथा या संदर्भात मननीय आहे. निगंठांचा हा प्रतिष्ठित उपासक तथागतांना वादात जिंकण्यासाठी आला आणि स्वतःच त्यांचा उपासक झाला. तेव्हा तथागतांनी त्याला प्रथम नीट विचार करण्यास सांगितले. पुढे, तुझे घर आजवर निगंठांसाठी पाणवठ्यासारखे राहिले आहे, ते भिक्षेसाठी आले तर त्यांना देत जा, असेही सांगितले. उपालीने निगंठांचा सिद्धांत सोडला, पण त्यांच्यासाठी आपले दार बंद केले नाही. सम्राट अशोकाने बाराव्या शिलालेखात समवायाचा व वाणीच्या संयमाचा जो उपदेश केला, त्याचेही तात्पर्य हेच आहे. परक्याचा धर्म ऐकावा, त्याची निंदा करू नये आणि आपलाही सोडू नये.

पुढच्या वेळी असे निमंत्रण येईल, तेव्हा संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी ते नाकारण्याची घाई करू नये आणि स्वीकारण्याचीही करू नये. कार्यक्रमपत्रिका आधी मागवावी. वंदना आपल्या शब्दांत म्हणता येईल का, समान प्रार्थनेच्या जागी मौन ठेवता येईल का, व्यासपीठावर कोणाला स्थान आहे, हे विचारावे. हे प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. ख्रिस्ती जगातील जाणत्या माणसांनी हेच प्रश्न एकमेकांना विचारले आहेत.